रेड ब्लेंड चाखायला शिका: अकलूजच्या बागेपासून पेल्यापर्यंत

पहिल्यांदा रेड वाइन घेणारा माणूस घोट घेतो, तोंड जरा वाकडं करतो आणि म्हणतो, "तुरट आहे." त्याचं काहीच चुकलेलं नसतं. रेड वाइन तुरट असतेच. पण तो तुरटपणा सालीचा, बियांचा की लाकडी पिंपाचा, त्याच्या जोडीला आंबटपणा किती, आणि हे सगळं एकाच द्राक्षाचं की दोन-तीन जातींचं मिळून आलेलं, हे उमगायला लागलं की त्याच घोटात बाग दिसायला लागते. ब्लेंड, म्हणजे एकाहून अधिक जातींच्या द्राक्षांची एकत्र केलेली वाइन, शिकायला अवघड वाटते. माझं म्हणणं असं आहे की नवख्यानं सुरुवातच ब्लेंडपासून करावी. फक्त ती आधी उसवून बघावी आणि मग पुन्हा जोडून.

नुसतं तोंडी बोलून चव शिकवता येत नाही, म्हणून एक ठरावीक वाइन समोर ठेवू: सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरातली, फ्रटेलीची 'सेट्टे'. सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन जातींचं हे ब्लेंड. ऊस आणि साखर कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या माळशिरस तालुक्यात अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी मिळून २००७ मध्ये हा उद्योग उभा केला. फ्रान्सहून कलमं आणून बागा लावल्या, आणि इटलीतल्या टस्कनी प्रांताच्या पिएरो मासी यांच्याकडे वाइन करण्याचं काम सोपवलं.

ही वाइन निवडण्याचं आणखी एक कारण आहे. याच घरची नुसती सांजोवेझे आणि नुसती कॅबर्नेही बाजारात मिळते. म्हणजे ब्लेंड आणि तिचे दोन्ही घटक शेजारीशेजारी ठेवता येतात. नवख्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. सेट्टे मिळाली नाही तर बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबानं लावलेल्या बागेची 'ला रिझर्व्ह' घ्या, किंवा नाशिकच्या गंगावऱ्ह्यातली, गुरनानी कुटुंबानं सुरू केलेल्या यॉर्कची 'आरोस'. या दोन्ही शिराझ आणि कॅबर्नेच्या जोडीवर उभ्या आहेत. त्या-त्या भागातली एक शिराझ आणि एक कॅबर्ने सोबत घेतलीत की पुढची सगळी रीत जशीच्या तशी लागू पडते.

वय २१ पूर्ण असावं, आणि गाडी चालवणाऱ्यानं त्या दिवशी फक्त वास घ्यावा. या दोन गोष्टींवर मी कुठलीही सवलत देत नाही.

आधी बाग समजून घ्या

चाखण्याच्या लेखात शेतीचं काय काम, असं वाटेल. पण आपल्याकडच्या वाचकाला द्राक्षबाग नवी नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. पॅरिसमध्ये वाइन चाखायला शिकणाऱ्याला छाटणी पुस्तकात वाचावी लागते. आपल्या ओळखीत, नात्यात कुठे ना कुठे बागायतदार असतोच.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, वाढ थांबते, वसंतात डोळे फुटतात. महाराष्ट्रात तेवढी थंडीच पडत नाही, म्हणून वेल दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तीत फळ घ्यायचं नसतं, काडी तयार करायची असते. मग पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते आणि त्या काडीवर घड येतात. वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे घड वाढतात थंडीत आणि पिकतात ऊन तापायला लागल्यावर. हे ध्यानात ठेवा, कारण पेल्यातली अर्धी गोष्ट इथे ठरते. ऊन वाढलं की मण्यात साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगानं कमी होतो. साली आणि बिया मात्र त्यांच्या वेळेनंच पिकतात. साखर तयार, आम्ल उतरलेलं आणि साल अजून कच्ची, असा पेच उष्ण भागातल्या प्रत्येक बागेत दरवर्षी पडतो. तोड कोणत्या दिवशी घ्यायची हा निर्णय त्यामुळे सगळ्यात मोठा.

खाण्याच्या द्राक्षांची बाग आणि वाइनची बाग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थॉम्पसन किंवा सोनाकाच्या बागेत मण्याची फुगवण व्हावी म्हणून जीए (जिबरेलिक ॲसिड) हे संजीवक दिलं जातं, एकरी दहा टनांच्या घरात माल अपेक्षित असतो, आणि साल जितकी पातळ तितकी बरी. वाइनला उलटं हवं: मणी बारीक, साल जाड, बी असलेला. रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीत असतो. गर बहुतेक जातींत पांढराच असतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून चांगल्या रेड वाइनसाठी एकरी तीन ते पाच टनांवर थांबतात, जास्तीचे घड कच्चे असतानाच काढून टाकतात. साखर मात्र २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं एकक) चढू देतात. लीटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं, त्यामुळे एवढ्या साखरेची वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाते.

आता कुटुंबानं स्वतः लावलेल्या, 'घरच्या' बागेबद्दल. लेबलवर कुटुंबाचं नाव असलं म्हणजे द्राक्षं त्याच कुटुंबाच्या बागेतली असतात असं नाही. अनेक वायनरी करार शेतीतून द्राक्षं घेतात आणि त्यातून उत्तम वाइन होते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण बाग स्वतः लावलेली असेल तर एक गोष्ट वेगळी होते. कोणत्या तुकड्यात मुरूम वर आलाय, कुठे पाणी साचतं, कोणत्या ओळी चार दिवस आधी पिकतात, हे त्या माणसांना पाठ असतं. नवी लागवड तिसऱ्या वर्षी पहिलं नाव घेण्यासारखं पीक देते. त्यापुढे दरवर्षी मुळं खोल जातात आणि त्याच ओळींची वाइन बदलत जाते. हे ज्ञान ब्लेंड करताना कामी येतं, कारण ब्लेंड म्हणजे दोन जातींइतकंच दोन तुकड्यांचंही गणित असतं.

ब्लेंड करतात कशाला

उरलीसुरली वाइन एकत्र करून खपवायची म्हणजे ब्लेंड, असा एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात जगातल्या सगळ्यात मानाच्या रेड वाइनपैकी कितीतरी ब्लेंडच आहेत. फ्रान्समधल्या बोर्दोत मर्लो लवकर पिकते आणि कॅबर्ने उशिरा. एकीला पावसानं गाठलं तर दुसरी वाचते. हा मूळचा शेतकऱ्याचा हिशेब होता. अवकाळीनं हाताशी आलेला घास गेलेला पाहिलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

सांजोवेझे आणि कॅबर्नेची जोडी टस्कनीत नावारूपाला आली. सांजोवेझे तिथली जुनी जात. कॅबर्ने फ्रान्सची. १३८५ पासून वाइनच्या व्यवसायात असलेल्या आंतिनोरी कुटुंबानं १९७१ मध्ये 'तिन्यानेल्लो' नावाची वाइन काढली, आणि १९७५ पासून तिच्यात सांजोवेझेच्या जोडीला कॅबर्ने घालायला सुरुवात केली. तेव्हाच्या स्थानिक नियमांत ही वाइन बसत नव्हती, म्हणून तिला साध्या टेबल वाइनचा दर्जा पत्करावा लागला. पुढे तीच वाइन त्या प्रदेशाचा मानदंड झाली. टस्कनीच्या वाइनमेकरच्या हाताखाली अकलूजला ही जोडी का आली, हे वेगळं सांगायला नको.

दोघींचे स्वभाव असे. सांजोवेझे उशिरा पिकते, आंबटपणा धरून ठेवते, रंगानं उजळ असते आणि तिचा तुरटपणा बारीक पण टोचरा असतो. कॅबर्नेचा मणी इवलासा, साल जाड, रंग गर्द. ती वाइनला कणा देते, पण एकटी असली की मधेच पोकळ वाटू शकते. उष्ण भागात आंबटपणा टिकवणं कठीण, तिथे सांजोवेझेची आम्लता कॅबर्नेला सावरते आणि कॅबर्नेचा रंग व भरीवपणा सांजोवेझेला. बहुतेक वायनरींत दोन्ही जाती वेगवेगळ्या आंबवतात, वेगवेगळ्या मुरवतात आणि मग मोजपात्रं घेऊन प्रमाण ठरवतात. दोन-चार टक्क्यांनी चव हलते. म्हणून प्रमाण दरवर्षी तेच राहील असं धरून चालू नका.

आणि हो, बाटलीवर एकच जात लिहिलेली असली तरी ती शंभर टक्के तीच असते असं नाही. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे ८५ टक्के असली तरी तिचं एकटीचं नाव लावता येतं.

तयारी

चार ते सहा जण जमा. ७५० मिलीच्या तीन बाटल्या: सांजोवेझे, कॅबर्ने आणि ब्लेंड. चाखण्यासाठी एका वेळी ५० ते ६० मिली पुरते, त्यामुळे बाटली सहज सगळ्यांना पुरून उरते आणि खर्चही वाटला जातो.

बाटली विकत घेताना दुकानात ती कुठे ठेवली होती ते बघा. आपल्याकडे वाइन जितकी वायनरीत बिघडते त्याहून जास्त दुकानाच्या काचेत, उन्हाच्या तिरिपेत आणि दिव्याच्या झोतात बिघडते. बूच बाटलीच्या तोंडातून वर सरकलेलं दिसलं, किंवा गळ्यावर चिकट ओघळ असला, तर ती बाटली तापलेली आहे. दुसरी मागा. दुकानदार कुरकुरला तरी मागा.

रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी, हे वाक्य थंड देशातल्या घरांचं आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्यात-सोलापुरात मार्च महिन्यात खोली ३० अंशांवर असते. त्या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल नाकात झोंबतं आणि बाकी काही कळत नाही. म्हणून उघडण्याआधी बाटल्या अर्धा ते पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. बाटली हाताला गारेगार नाही, पण गार लागली पाहिजे. नवखे सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे करतात, आणि निम्म्या लोकांना रेड वाइन आवडत नाही त्याचं कारणही हेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

पेला पातळ काचेचा, वर निमुळता होत जाणारा, दांड्याचा असावा. माणशी तीन मिळाले तर उत्तम. पेला एक तृतीयांशच भरा, नाहीतर फिरवताना सांडेल. सोबत पाण्याचा जग, थुंकायला एखादं खोल भांडं, पांढरा कागद, पेन आणि औषधाचं मापाचं झाकण किंवा छोटं मोजपात्र. याचं काम पुढे आहे.

स्वयंपाकघरात फोडणी पडायच्या आत चाखायला बसा. उदबत्ती, अत्तर, केसातला मोगरा, हाताला लागलेला कांदा-लसणाचा वास हे सगळं वाइनच्या वासाच्या आड येतं. त्याआधी तासभर चहा-कॉफी, पान, बडीशेप नको, दातही घासू नका. मधे तोंड साफ करायला पाणी आणि साध्या भाकरीचा तुकडा पुरे. खारे शेंगदाणे समोर ठेवायचा मोह होईल, पण मीठ आणि तेल तुरटपणा झाकतात. चाखून झाल्यावर खुशाल खा.

पायरी १: बघा

इथे फार वेळ घालवू नका. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि वाइनच्या कडेचा रंग बघा. सांजोवेझे माणकासारखी उजळ दिसेल, जरा वय झालेली असेल तर कडेला विटकरी छटा येते. कॅबर्नेतून कागदावरची अक्षरं वाचणं अवघड जातं आणि तरुण असेल तर कडा जांभळट असते. पुढे चौथ्या पायरीत ब्लेंड उघडाल तेव्हा तीही अशीच बघा आणि ती कुणाकडे झुकलीय याचा अंदाज लिहून ठेवा. पेल्याच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांकडे बघून "वा, भारी वाइन" म्हणण्याची एक पद्धत आहे. त्या थेंबांवरून अल्कोहोलचा थोडा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

पायरी २: वास घ्या

आधी पेला न हलवता एकदा वास घ्या. मग टेबलावरच गोल फिरवा आणि लगेच नाक आत घालून पुन्हा घ्या. दोन्हींत फरक जाणवेल. लांब श्वास ओढत बसू नका. दोन-तीन छोटे श्वास, मग थांबा. नाक बधिर झालंसं वाटलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, ते ताळ्यावर येतं.

वाइनच्या वर्णनांत ब्लॅककरंट हे फळ सतत येतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते आयुष्यात खाल्लेलं नसतं. जे फळ खाल्लं नाही त्याचा वास आला असं लिहिण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे जांभूळ आहे, करवंद आहे, तुती आहे, आलुबुखार आहे, आमसूल आहे. नाकाला यातलं जे आठवेल ते लिहा. कुणी हसलं तर हसू द्या. तुमच्या वहीत तुमच्या ओळखीचं फळ असलं तरच ती वही सहा महिन्यांनी उपयोगी पडेल.

सांजोवेझेत बहुधा आंबट चेरी, आमसूल, कोरडी चहापत्ती, कधी पिकल्या टोमॅटोच्या जवळचं काहीतरी सापडतं. कॅबर्नेत करवंद-जांभळासारखं गर्द फळ आणि त्यामागे ढोबळी मिरची. हा मिरचीचा भास नव्हे. पायराझिन नावाचा एक घटक खऱ्या ढोबळी मिरचीतही असतो आणि कॅबर्नेच्या द्राक्षातही. मणी पिकत जातो, घडावर ऊन पडतं, तसा तो कमी होतो. मिरचीचा वास हलका असेल तर छान ताजेपणा देतो. तो इतका तीव्र असेल की फळ दिसेनासं झालं, तर घड लवकर तोडले असावेत किंवा पानांच्या दाट सावलीत राहिले असावेत. बघा, नाकानं बागेपर्यंत पोचता येतं ते असं.

तिसरा कप्पा लाकडाचा. सेट्टे फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेली असते, म्हणून पुढे ती उघडाल तेव्हा तिच्यात लवंग, व्हॅनिला, भाजलेल्या कॉफीकडे झुकणारा वास येईल. हा वास द्राक्षाचा नाही, हे वहीत वेगळ्या ओळीत लिहा.

पायरी ३: घोट

मध्यम घोट घ्या आणि तो आठ-दहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरू द्या. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट असा जो नकाशा शाळेत बघितलेला असतो तो चुकीचा आहे, सगळ्या चवी सगळ्या जिभेला कळतात. मग गिळा किंवा थुंका. थुंकण्यात लाजायचं काही नाही. व्यवसाय म्हणून चाखणारे सगळे थुंकतात.

आता स्वतःला सावकाश प्रश्न विचारा. गोडी आहे का? या वाइन कोरड्या आहेत, साखर जवळजवळ उरलेली नसते. गोड वाटलं तर बहुधा तो पिकल्या फळाच्या वासाचा परिणाम. आंबटपणा किती? तो जिभेवर शोधू नका. घोट गिळल्यावर जबड्याच्या कोपऱ्यांतून लाळ सुटते का ते बघा. जितकी जास्त सुटेल तितकी आम्लता जास्त. अल्कोहोल घशाशी ऊब देऊन जातं. ती ऊब जळजळीकडे गेली तर एक तर वाइन कोमट झालीय किंवा तोल गेलाय.

तुरटपणावर मात्र थांबून काम करा, कारण रेड वाइन कळणं म्हणजे बरंचसं हेच कळणं. तुरटपणा ही खरं तर चव नाही, तो स्पर्श आहे. टॅनिन, म्हणजे साल-बियांतले आणि लाकडातले तुरट घटक, लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, लाळेचं वंगण कमी होतं आणि हिरड्या कोरड्या पडतात. गिळल्यावर जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. गुळगुळीत लागतंय, मखमलीसारखं की कच्चं जांभूळ खाल्ल्यावर लागतं तसं खरबरीत? आणि कुठे लागतंय? सांजोवेझेचा तुरटपणा बहुतेकांना पुढच्या दातांच्या हिरड्यांशी जाणवतो, कॅबर्नेचा गालांच्या आतून, सगळीकडून. सालीचा पिकलेला तुरटपणा फळाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो. कच्च्या बियांचा तुरटपणा फळ संपल्यावरही कडू होऊन मागे राहतो. हा भेद पहिल्या दिवशी कळणार नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत मात्र अचानक कळतो.

शेवटी मोजा. घोट गेल्यावर चव किती सेकंद टिकते? पाच सेकंदांत संपली तर साधी. पंधराच्या पुढे गेली आणि शेवटी फळच उरलं, कडवटपणा नाही, तर द्राक्षं चांगली होती.

पायरी ४: स्वतः ब्लेंड करा

बैठकीचा गाभा इथे आहे. सांजोवेझे आणि कॅबर्ने दोन्ही स्वतंत्रपणे चाखून झाल्या की ब्लेंडची बाटली अजून बाजूलाच ठेवा. दोघा-दोघांत मिळून एका पेल्यात ३० मिली सांजोवेझे आणि ३० मिली कॅबर्ने एकत्र करा. दुसऱ्यात ४५ आणि १५. तिसऱ्यात उलट, १५ आणि ४५. एकदा फिरवा, मिनिटभर थांबा, मग चाखा.

काय होतंय ते नीट बघा. बऱ्याचदा अर्ध्या-अर्ध्या प्रमाणात दोघी एकमेकींना झाकतात आणि वाइन कुठलीच राहत नाही. १५ मिली कॅबर्ने घातलेल्या पेल्यात मात्र सांजोवेझेच राहते, फक्त मधला भाग भरून येतो, रंग गडद होतो, चेरीच्या मागे करवंद दिसायला लागतं आणि चव चार सेकंद जास्त रेंगाळते. तुम्हाला कोणता पेला आवडला ते प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता लिहावं. मग वाद घाला. वायनरीतही टेबलाभोवती बसून हेच होतं, फक्त त्यांच्यासमोर बागेच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळ्या बाटलीत असते.

यानंतर सेट्टे उघडा. ती तुमच्या कुठल्याही पेल्यासारखी लागणार नाही आणि लागायलाही नको. तिची द्राक्षं निवडलेली, ती लाकडात मुरलेली, बाटलीत आणखी काळ काढलेली. पण आता तुमच्याकडे पकडायला धागे आहेत. लाळ सुटतेय ती सांजोवेझेमुळे. गालाच्या आतला कोरडेपणा कॅबर्नेचा. लवंग पिंपाची. आणि चाखून, लिहून झाल्याशिवाय मागचं लेबल वाचू नका. कुटुंबाची, बागेची गोष्ट फार सुंदर असते आणि ती जिभेला आधीच सगळं सांगून मोकळी होते.

पायरी ५: थांबा

प्रत्येकाच्या पेल्यात थोडी सेट्टे शिल्लक ठेवा आणि पाऊण तासानं पुन्हा चाखा. हवा लागली की लाकडाचा वास मागे सरतो, तुरटपणा थोडा मवाळ होतो, फळ पुढे येतं. मात्र तोवर पेला खोलीइतका तापलेला असेल, म्हणून बाटली पुन्हा दहा मिनिटं गार करून त्यातून ताजा घोट ओता आणि दोन्ही ताडून बघा. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, जुन्या किंवा न गाळलेल्या रेड वाइनमध्ये तो असतोच. शेवटचा अर्धा पेला बाटलीतच राहू द्या.

खरा बिघाड वासातच कळतो. ओल्या पुठ्ठ्याचा, दमट तळघरासारखा वास बुचातल्या टीसीए नावाच्या घटकाचा असतो, तो कितीही वेळ थांबलात तरी जात नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा उग्र वास, किंवा शिजवलेल्या जॅमचा वास आणि तपकिरी झालेला रंग, हेही बिघाडच. अशी वाइन अपाय करत नाही, पण तिच्यावरून द्राक्षाबद्दल मत बनवू नका. बिल घेऊन दुकानात परत जा.

जेवण

तिखट आणि तुरट यांचं जमत नाही. मिरचीची आग टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकवतात. झणझणीत रस्सा समोर असेल तर ही वाइन बाजूला ठेवा. मीठ आणि चरबी मात्र तुरटपणाला मऊ करतात: कमी तिखटाचं मटण सुकं, तुपावर परतलेले मशरूम, जुनं चीज. सांजोवेझेच्या आंबटपणाला टोमॅटो आवडतो, म्हणून टोमॅटोचं सार आणि तूप-भात सुद्धा चालतो. सोलापूरची शेंगा चटणी दही घालून मवाळ केली आणि कडक भाकरीबरोबर खाल्ली, तर सेट्टेशी फार छान जाते.

बागेत गेलात तर

जमल्यास जानेवारी ते मार्चमध्ये, तोडीच्या दिवसांत जा. पुण्याहून अकलूज साडेतीन-चार तासांवर आहे, नाशिकच्या बागा शहरालगतच आहेत. आधी कळवून, वेळ ठरवून जा. तोडीच्या दिवसांत तिथली माणसं पहाटेपासून कामात असतात.

परवानगी घेऊन वेलीवरचा एक मणी खा. कॅबर्नेचा मणी वाटाण्याएवढा, गर थोडासाच, तो लगेच संपतो. साल दातांखाली तशीच ठेवून चावत राहा. रंग जिभेला लागेल आणि पेल्यातला तुरटपणा तिथेच ओळखीचा वाटेल. मग बी हातावर घेऊन बघा. हिरवट असेल तर अजून वेळ आहे. तपकिरी झालेली, चावल्यावर कुरकुरीत आणि भाजलेल्या दाण्याकडे झुकणारी असेल तर घड तोडीला आला. रिफ्रॅक्टोमीटर साखर सांगतो, पण बी पिकलीय की नाही हे तोंडालाच कळतं.

तिथल्या माणसांना हे विचारा: फळछाटणी कधी घेतली, या तुकड्याखाली खुंट (ज्या मुळांवर वेलीचं कलम बांधतात ती जात) कोणता आहे, एकरी किती टन ठेवलं, आणि यंदा ब्लेंडमध्ये हा तुकडा जाणार का? वाइनबद्दल ठरावीक उत्तरं देणारा माणूसही बागेबद्दल विचारलं की मोकळेपणानं बोलतो.

उरलेली बाटली

बूच घट्ट लावून बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवा. रेड वाइनही फ्रिजमध्येच. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर काढून पुन्हा एक घोट घ्या आणि कालच्या पानाखालीच लिहा. चांगली बांधलेली ब्लेंड दुसऱ्या दिवशी कधीकधी पहिल्या दिवसापेक्षा छान लागते. तिसऱ्या दिवसानंतर ती स्वयंपाकात वापरा.

वहीत वाइनच्या नावाबरोबर तोडीचं वर्ष नक्की लिहा, आणि एखादी बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात आडवी ठेवून द्या. पुढचं वर्ष बाजारात आलं की दोन्ही एकाच संध्याकाळी उघडा. थंडी लांबलेलं वर्ष कोणतं आणि फेब्रुवारीतच ऊन तापलेलं कोणतं, हे आंबटपणावरून ओळखायचा प्रयत्न करा, आणि मग त्या वर्षीचं हवामान बागायतदाराला विचारून ताडून पाहा.